न बोललेलं विधान: अध्याहृत आधारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तर्कशास्त्र नव्याने शिकणारे, वादविवाद स्पर्धेची तयारी करणारे आणि कालच्या भांडणात आपलं नेमकं कुठे बिनसलं हे शोधणारे, अशा तीन तऱ्हेच्या लोकांकडून हे प्रश्न येत राहतात. शब्द बदलतात, प्रश्न तेच असतात. सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. मधूनच वाचायला सुरुवात केली तरी अडणार नाही. लागेल तिथे दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. अध्याहृत आधार म्हणजे नेमकं काय?

"रस्ता ओला आहे, म्हणजे रात्री पाऊस पडला असणार." यात एक आधारविधान आहे आणि एक निष्कर्ष. पण रस्ता ओला असण्यावरून थेट पावसावर जाता येत नाही. मध्ये एक पायरी आहे: रस्ता असा ओला व्हायला पावसाखेरीज दुसरं कारण इथे संभवत नाही. बोलणाऱ्याने ती उच्चारली नाही, ऐकणाऱ्याने नकळत मानून घेतली. हाच अध्याहृत आधार. कुणी विचारलं, "पाण्याचा टँकर गळत गेला असेल तर?" तर त्याचा वाद रस्त्याच्या ओलेपणाशी नाही. तो न बोललेल्या विधानाला आव्हान देतोय. बहुतेक खरे मतभेद तिथेच असतात. बोललेल्या आधारावर सहसा कुणाचं दुमत नसतं.

दोन आधार आणि त्यांतून निघणारा निष्कर्ष अशा तीन वाक्यांच्या अनुमानाला संवाक्य म्हणतात. त्यातलं एखादं वाक्य गाळलेलं असेल तर मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला लुप्तावयव संवाक्य म्हणतात. ग्रीक परंपरेतलं नाव एन्थिमीम. दोन्ही शब्द अगदी एकमेकांवर बसत नाहीत, त्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

२. फक्त आधारच गाळला जातो, की निष्कर्षसुद्धा?

दोन्ही. पूर्ण संवाक्य असं आहे: सर्व सस्तन प्राण्यांना फुप्फुसं असतात, देवमासा सस्तन आहे, म्हणून देवमाशाला फुप्फुसं असतात. यातलं पहिलं वाक्य गाळलं तर पारंपरिक वर्गीकरणात तो पहिला प्रकार, दुसरं गाळलं तर दुसरा, निष्कर्ष गाळला तर तिसरा. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

परीक्षेबाहेर तिसऱ्या प्रकारात जास्त गंमत आहे. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ च्या व्याख्यानांत दिलेलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी विद्यार्थ्याचं शिफारसपत्र मागितलंय आणि प्राध्यापक लिहितात: त्याचं भाषेवर प्रभुत्व आहे आणि तो वर्गाला नियमित हजर असतो. बस, पत्र संपलं. पत्रात निंदेचा एक शब्द नाही, तरी वाचणाऱ्याने निष्कर्ष काढलाच. आणि उद्या कुणी जाब विचारला तर प्राध्यापक म्हणू शकतात, "मी कुठे काही वाईट लिहिलं?"

३. न सांगितलेला आधार शोधायचा कसा?

संवाक्याच्या साच्यातलं अनुमान असेल तर पदं मोजा. "देवमासा सस्तन आहे, म्हणून त्याला फुप्फुसं असतात." देवमासा दोनदा आला. सस्तन आणि फुप्फुसं एकेकदाच आली. जी पदं एकेकदाच आली त्यांना जोडणारं विधान गायब आहे. मात्र दिशा सांभाळा. "फुप्फुसं असलेले सर्व प्राणी सस्तन असतात" हेही त्याच दोन पदांना जोडतं, पण त्याने निष्कर्ष निघत नाही. शिवाय ते खोटं आहे, पक्ष्यांनाही फुप्फुसं असतात. विद्यार्थी चुकतात ते इथेच: पदं बरोबर शोधतात आणि वाक्य उलटं लिहितात.

साचा नसेल, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं अनुमान असेल, तर स्वतःला एक प्रश्न विचारा: सांगितलेला आधार खरा असूनही निष्कर्ष खोटा ठरेल अशी परिस्थिती कोणती? ती परिस्थिती सापडली की तिला "तसं नाही" म्हणणारं विधान लिहा. रस्त्याच्या उदाहरणात टँकर सापडला. "टँकर वगैरे काही गेलेलं नाही" हा आधाराचा एक तुकडा. अशी दोन-तीन छिद्रं शोधली की गाळलेल्या विधानाचा आकार दिसायला लागतो.

४. एकाच युक्तिवादात दोन-तीन वेगवेगळी विधानं बसतात. त्यातलं कुठलं धरायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि तो रास्त आहे. एक वाक्य घेऊन बसू: "हा साक्षीदार आरोपीचा भाऊ आहे, त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवू नका."

मधली फट बुजवायला निदान तीन उमेदवार हजर असतात.

पहिला: "साक्षीदार आरोपीचा भाऊ असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये." अनुमान बिनचूक होतं. पण हे तेच वाक्य 'जर-तर' लावून पुन्हा म्हणणं झालं. व्हान एमेरेन आणि ग्रूटेंडॉर्स्ट या डच अभ्यासकांच्या मांडणीत याला तार्किक किमान म्हणता येईल. तिथे न थांबता, संदर्भ पाहून बोलणाऱ्याला खरोखर मान्य होईल असं विधान शोधा, असं त्यांचं सांगणं.

दुसरा: "भाऊ भावासाठी नेहमी खोटंच बोलतो." अनुमान होतं, पण विधान उघड खोटं. एक प्रामाणिक भाऊ दाखवला की सगळं कोसळतं. म्हणूनच विरोधक नेमकं हेच उचलतो.

तिसरा: "जवळच्या नातेवाइकाला आरोपीला वाचवण्यात रस असू शकतो, म्हणून त्याची साक्ष दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहावी." समंजस माणसाच्या मनात बहुधा हे असतं. पण आता निष्कर्षाकडे बघा, तो आक्रसला. "विश्वास ठेवू नका" हे यातून निघतच नाही. "एकट्या या साक्षीवर विसंबू नका", इतकंच निघतं.

तिघांतून निवडायला मी एक उलटी परिस्थिती घालून पाहतो. भाऊ आरोपीच्या विरुद्ध बोलला असता तर? पहिल्या उमेदवाराप्रमाणे तरीही अविश्वासच दाखवायचा, आणि हे कुणालाच पटणार नाही. दुसऱ्याजवळ याला उत्तरच नाही. तिसरा मात्र नीट बोलतो: वाचवण्यात रस असूनही विरुद्ध बोलतोय, म्हणजे साक्षीचं वजन उलट वाढलं. बोलणाऱ्याचीही हीच प्रतिक्रिया असेल, तर तिसराच त्याच्या मनात होता असं समजायला हरकत नाही.

चूक दोन्ही बाजूंनी होते. मुद्दाम कमकुवत विधान त्याच्या माथी मारलं तर तुम्ही बुजगावणं पाडता. आणि फार उदार झालात, त्याच्या युक्तिवादाला पार नवा करून ठेवलात, तर तुम्ही स्वतःशीच वाद घालताय. दुसऱ्या चुकीबद्दल कुणी तक्रार करत नाही, म्हणून ती बळावते.

५. समोरचा म्हणतो, "मी असं म्हटलंच नाही." मग काय करायचं?

विचारा. "मग भावाची साक्ष नाकारायचं कारण काय?" त्याला दुसरं विधान द्यावं लागेल, नाहीतर निष्कर्ष सोडावा लागेल. दोन्हीत वाद पुढेच जातो.

प्रश्न ४ मधल्या डच जोडीने सभ्य वादासाठी दहा नियम मांडले. त्यातला एक खास याच प्रसंगासाठी आहे आणि तो दुधारी आहे: आपण न बोलता गृहीत धरलेलं विधान नंतर झटकायचं नाही, आणि दुसऱ्याने गृहीत न धरलेलं त्याच्या तोंडी घालायचं नाही. स्पर्धेतले लोक नियमाचा दुसरा भाग पाठ करतात, पहिला सोयीने विसरतात.

६. आधार न सांगणं हा मुळात दोषच नाही का?

यावर जुन्या परंपरांत चक्क दोन टोकं आहेत.

ॲरिस्टॉटलच्या मते वक्त्याने उघड गोष्टी गाळायलाच हव्यात. त्याचं उदाहरण डोरिअसचं: तो ऑलिंपिक जिंकला एवढं म्हटलं की पुरे, त्या स्पर्धेत बक्षीस म्हणून मुकुट मिळतो हे सांगायची गरज नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेची वादसभा कडक. दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानाला पाच अवयव लागतात: प्रतिज्ञा (सिद्ध करायचं विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष). यातला एकही गाळला तर 'न्यून' नावाचं निग्रहस्थान, म्हणजे वादात हार. पण हेतू किंवा उदाहरण गरजेपेक्षा जास्त दिलं तर तेही निग्रहस्थानच, 'अधिक'. बावीस निग्रहस्थानांच्या यादीत ही दोन शेजारीशेजारी बसली आहेत, ही जोडी मला फार आवडते. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तीनच अवयव पुरेसे मानले. सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती तर म्हणतो की जाणकारांसमोर नुसता हेतू सांगितला तरी भागतं. दृष्टान्त लागतो तो हेतूचा निष्कर्षाशी असलेला संबंध माहीत नसलेल्यांना.

नीट पाहिलं तर भांडण श्रोत्यावरून आहे. ऐकणारा ती पायरी स्वतः भरू शकतो आणि भरल्यावर ती त्याला मान्य असेल, तर गाळण्यात दोष नाही. तो भरू शकत नसेल, किंवा पायरी उघड्यावर आणली की टिकणार नाही म्हणून झाकली असेल, तर आहे. (दुसऱ्या प्रकाराबद्दल प्रश्न ११.)

७. एन्थिमीम म्हणजे अपूर्ण संवाक्य, अशीच ॲरिस्टॉटलची व्याख्या आहे ना?

पुस्तकांत तसं लिहिलेलं असतं, पण नाही. त्याच्या लेखी एन्थिमीम हे वक्तृत्वातलं अनुमान: संभाव्य गोष्टींवरून किंवा खुणांवरून केलेलं. त्यात काही पायऱ्या गाळलेल्या असणं हे नेहमीचं लक्षण आहे, व्याख्या नव्हे. 'अपूर्ण' असा एक शब्द त्याच्या ग्रंथाच्या काही हस्तलिखितांत आहे खरा, पण तो मागाहून शिरला असं अभ्यासक सहसा मानतात. मायल्स बर्न्येट यांनी १९९४ मध्ये हा मुद्दा तपशीलवार मांडला. पाठ्यपुस्तकांची व्याख्या मात्र जुनीच राहिली आहे. परीक्षेत तीच लिहा.

८. सगळे आधार उघडपणे सांगायला लावले तर वाद कायमचा स्वच्छ होणार नाही का?

होणार नाही, कारण 'सगळे' कधी संपतच नाहीत. लुइस कॅरलने १८९५ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात कासव आणि अकिलीस यांचा एक संवाद लिहिला. कासव दोन्ही आधार मान्य करतं: एकाच गोष्टीशी समान असलेल्या गोष्टी एकमेकींशी समान असतात, या त्रिकोणाच्या या दोन बाजू एकाच गोष्टीशी समान आहेत. पण त्या एकमेकींशी समान आहेत, हे मानायला मात्र ते तयार नाही. अकिलीस म्हणतो, अरे, ते दोन खरे असतील तर हे खरं असलंच पाहिजे. कासव म्हणतं, छान, हेही वहीत लिही. लिहिल्यावर पुन्हा तेच: तिन्ही मान्य, पण तिन्ही खरे असले तर निष्कर्ष खरा, हे कुठे लिहिलंय? वही भरत जाते.

म्हणजे आधारांवरून निष्कर्षाकडे नेणारी रीत ही आणखी एक आधारविधान नसते. ती वापरावी लागते. समोरचा तुम्हाला प्रत्येक पायरीचा लेखी पुरावा मागत सुटला, तर तो काटेकोर असेलच असं नाही. तो कासव असू शकतो.

९. टूल्मिनचं 'वॉरंट' म्हणजे हेच का?

जवळपास. स्टीफन टूल्मिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं १९५८ चं उदाहरण: हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो बहुधा ब्रिटिश प्रजाजन आहे. मधलं वॉरंट असं की बर्म्युडात जन्मलेला माणूस सहसा ब्रिटिश प्रजाजन असतो. फरक इतका की टूल्मिन त्याला गाळलेलं आधारविधान न म्हणता पुढे जाण्याचा परवाना म्हणतो, आणि शेजारी अपवादाची जागा मोकळी ठेवतो: आईवडील दोघेही परदेशी नसतील तर. प्रश्न ८ मधली अडचण आठवली तर त्याने असं का केलं हे कळतं.

१०. कुणी म्हण ठोकली की वाद तिथेच संपतो. असं का होतं?

कारण म्हण हा आयता सर्वसाधारण आधार असतो, तोही पिढ्यान्‌पिढ्या मान्य झालेला. सुभाषितवजा वाक्यं ही एन्थिमीमचेच तुकडे आहेत, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवलंय. गंमत अशी की म्हणीच्याही पोटात अध्याहृत आधार असतो, आणि तो कुणी तपासत नाही.

"शितावरून भाताची परीक्षा" घ्या. एक शीत शिजलं तर सगळा भात शिजला, हे का खरं? एकाच भांड्यात, एकाच आचेवर, एकाच वेळी शिजतोय म्हणून. नमुना आणि साठा एकसारखा आहे, हा तिथला मूक आधार. आता कुणी एका कर्मचाऱ्याच्या उर्मटपणावरून साऱ्या कचेरीबद्दल बोलताना ही म्हण वापरली, तर विचारायचं ते एवढंच: ही माणसं एका भांड्यात शिजली आहेत का? म्हणीला उत्तर म्हणून दुसरी म्हण शोधत बसू नका. उलटा अर्थ सांगणारी म्हण बहुतेक वेळा सापडते, आणि मग दोघेही खूश होऊन घरी जातात.

११. जाहिराती आणि भाषणं हे मुद्दाम करतात का?

हो, आणि त्यामागे हिशेब आहे. ऐकणाऱ्याने पायरी स्वतः भरली की निष्कर्ष त्याला स्वतःचा वाटतो. स्वतःच्या निष्कर्षाशी कोण भांडतं? "पूर्णपणे नैसर्गिक" एवढंच वेष्टनावर छापतात. "म्हणून सुरक्षित" आपण म्हणतो. जोडणारा आधार, नैसर्गिक ते सगळं निरुपद्रवी, कुणीच म्हणत नाही, कारण म्हटला तर बचनाग आठवेल. तोही नैसर्गिकच आहे, आणि जहाल विष आहे. छापलेला शब्द खरा असल्यामुळे छापणाऱ्याला खोटं बोलल्याचा ठपका लावणं मात्र अवघड जातं. शिफारसपत्रातली युक्ती (प्रश्न २) हीच.

१२. "तू खोटं बोलणं कधी सोडलंस?" यातही लपलेलं विधान आहे. तेही अध्याहृत आधारच का?

नाही, ते गृहीतक. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्य नकारार्थी करा. "त्याने खोटं बोलणं सोडलं" आणि "त्याने खोटं बोलणं सोडलं नाही", दोन्हीत तो आधी खोटं बोलत होता हे शिल्लक राहतं. गृहीतक एकट्या वाक्यातही असतं. अध्याहृत आधाराला आधार-निष्कर्ष अशी जोडी लागते. दोन्हींना तोडायची रीत मात्र एक: उत्तर न देता आधी ते उघड्यावर आणायचं.

१३. आधार गाळलेला आहे की अनुमानच चुकलंय, हे कसं ओळखायचं?

नुसत्या वाक्याकडे बघून नेहमी ओळखता येत नाही. "ताप असला की श्वास जोरात चालतो. याचा श्वास जोरात चालतोय. म्हणजे याला ताप आहे." साच्यात टाकलं तर सरळ चूक: धावून आलेल्याचाही श्वास जोरात चालतो. पण "हा तर तासभर पडूनच आहे, आणि दुसरं काही कारण दिसत नाही" एवढं भरलं तर तेच अनुमान चांगलं होतं. खुणांचे दोन प्रकार सांगताना ॲरिस्टॉटल हाच श्वास खोडता येणारी खूण म्हणून देतो. न खोडता येणारी म्हणून त्याचं उदाहरण आहे बाईला दूध येणं, म्हणजे ती बाळंत झाली आहे. आजचं वैद्यक सांगेल की दूध बाळंतपणाशिवायही, औषधांनी किंवा संप्रेरकांच्या बिघाडाने, येऊ शकतं. त्याची पक्की खूणही एका मूक आधारावर उभी होती तर.

तर्काच्या दृष्टीने कुठलंही अनुमान एखादं 'जर-तर' चिकटवून बिनचूक करता येतं, त्यामुळे "भरता येतं का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. बोलणाऱ्याला ते विधान मान्य आहे का, आणि त्याच्याजवळ त्यासाठी काही आहे का, हे पाहा. असेल तर गाळलेला आधार. विचारल्यावर तो गोंधळला तर चूक.

१४. वस्तुस्थितीवरून "म्हणून असं करायला हवं" म्हणतात, तिथे काय गाळलेलं असतं?

मूल्य. डेव्हिड ह्यूमने १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात ही तक्रार नोंदवली: लेखक 'आहे, नाही' म्हणता म्हणता एकदम 'पाहिजे, नको' वर जातात आणि मधल्या उडीचं कारण देत नाहीत. "ही पद्धत फार जुनी आहे, म्हणून पाळावी" यात "जुनं ते पाळावं" हे मूल्य आत आहे. ते बाहेर काढलं की इतिहासाचे पुरावे एकमेकांवर फेकणं थांबतं, कारण पद्धत जुनी आहे हे दोघांनाही आधीपासून मान्यच होतं.

१५. "मी विचार करतो, म्हणून मी आहे" हे लुप्तावयव संवाक्य आहे का?

देकार्तने स्वतः नाही म्हटलं. आपल्या ग्रंथावरच्या आक्षेपांना १६४१ मध्ये दिलेल्या उत्तरांत तो सांगतो की "जे विचार करतं ते असतं" अशा मोठ्या विधानावरून मी हे काढलेलं नाही, मनाला ते थेट दिसतं. १६४४ मध्ये मात्र तो कबूल करतो की विचार करणारं अस्तित्वात नसणं अशक्य, हे आधी ठाऊक असावं लागतं. दोन्ही कशी जुळवायची यावर अभ्यासक अजून भांडतात. वापरलेली प्रत्येक गोष्ट आधार म्हणून वापरली असं नसतं, असं मला वाटतं. प्रश्न ८ पुन्हा पाहा.

१६. "लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही." मग तो रात्री जेवतो, हे अनुमान की अर्थापत्ती?

ज्या परंपरेला विचाराल तसं उत्तर. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात अनुमानच: न जेवता कुणी लठ्ठ राहत नाही, हा आधार भरा आणि मोकळे व्हा. मीमांसक अर्थापत्ती हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं वेगळं साधन, मानतात: दोन खऱ्या गोष्टींचा मेळ बसत नाही, तो बसवण्यासाठी तिसरी मानावी लागते. कुमारिल भट्ट एक पाऊल पुढे. हे वाक्य नुसतं कानी पडलं असेल तर आपण "रात्री जेवतो" हे वाक्यच मनात पुरवून घेतो, असं तो म्हणतो. न बोललेलं विधान ऐकणाऱ्याकडे कसं जन्मतं, याचा इतका जुना आणि बारीक विचार क्वचितच दिसतो.

१७. बोललेला आधार खरा, न बोललेलाही खरा वाटला, तरी निष्कर्ष चुकला. कसं शक्य आहे?

बहुधा न बोललेल्या आधारात एक "सहसा" होता आणि तो गळाला. "हा पक्षी आहे, म्हणजे उडत असणार." पेंग्विन निघाला. "पक्षी सहसा उडतात" खरंच आहे, निष्कर्ष तेवढा मागे घ्यायचा. नवी माहिती आली की निष्कर्ष मागे घेता येईल असं तर्कशास्त्र संगणकासाठीही रचावं लागलं. रेमंड रायटरचा १९८० चा लेख त्यातला पायाभूत.

दुसरी शक्यता अशी की आधारात एक अट दडलेली होती. न्यायदर्शनात तिला उपाधी म्हणतात. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखायला गेलात तर फसाल: तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. इतकी वर्षं चुलीत सरपण ओलंच असेल, तर अट दिसतच नाही आणि "अग्नी तिथे धूर" हे अनुभवसिद्ध वाटतं. एखादा नियम तुमच्याकडे कधीच चुकला नसेल, तर त्याला विचारायचा प्रश्न हाच: इतका वेळ कोणती गोष्ट सतत बरोबर होती?